पहिल्या पंगतीतला फोटो

बुटांत कापूस कोंबलेला. बूट एक नंबर मोठे आहेत आणि घरात कापसाला तोटा नाही.

आठ पूर्णांक एक.

पुण्यातल्या एका खोलीत शाल्मली नावाची मुलगी संगणकाच्या पडद्यावर एका शाळेला हिरवा रंग देते. त्या शाळेत ती कधी गेलेली नाही.

वरणात पाणी घातलं की आधी रंग जातो. वास थोडा वेळ टिकतो.

परिपाठ. प्रतिज्ञा अर्ध्यावर. मागच्या ओळीतून धप्प असा आवाज.

"मले मेथी नको," आयुष म्हणतो, आणि वाटी पुढे करतो.

फोन एकच. पप्पा जेवायला बसले की तो खाटेवर असतो. पप्पा उठले की खिशात.

*

धप्प झाली ती खुशी. नववीतली, मारेगावपासून थोड्या अंतरावरच्या गावातली, पंधराशे मीटर धावणारी. जिनिंग कारखान्याच्या रस्त्यावर ती रोज सकाळी पळते, कापूस कोंबलेले बूट घालून. आठ पूर्णांक एक हे तिचं हिमोग्लोबिन, जुलैत शाळेतल्या शिबिरात तपासलेलं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "गोळी एकटी काय करणार? ताटात काय असतं ते बघ."

क्रीडाशिक्षक अतुल सरांनी त्याहून कमी शब्दांत सांगितलं. "दहाच्या वर रक्त आण. नाहीतर तालुक्याच्या स्पर्धेला नेणार नाही. तू ट्रॅकवर पडली तर जबाबदार कोन?"

खुशीला पळायचं होतं. मग ताटात काय असतं ते बघणं आलं. आणि त्यासाठीच तर शाळेत एक कार्यक्रम चालू झाला होता.

कार्यक्रम असा. दर गुरुवारी चौथ्या तासाला वर्गातल्या मोठ्या टीव्हीवर पुण्याहून शाल्मलीताई येई. आठवी-नववीची पोरं एकत्र बसत. नेट चाललं तर ताई हलायची, नाही चाललं तर तोंड उघडं ठेवून थांबायची. डाळीत काय असतं, पालेभाजीवर लिंबू का पिळायचं, शाळेच्या गेटाबाहेरच्या पाकिटात खरं काय भरलेलं असतं. पोरांना आवडायचं. वर्गशिक्षिका मंजुषा मॅडम मागच्या बाकावर बसून हजेरी भरायच्या आणि मधूनच म्हणायच्या, "ऐका रे."

आणि रोज संध्याकाळी एक काम. घरच्या जेवणाच्या ताटाचा फोटो काढून पाठवायचा. फोटो गेला की थोड्या वेळानं रंग यायचा. हिरवा म्हणजे छान, पिवळा म्हणजे कमी पडतंय, लाल म्हणजे बोलावून घ्या.

*

ताट.

मधे तुरीचं वरण, घट्ट. वांग्याची भाजी, वर सांभार, म्हणजे कोथिंबीर. ज्वारीच्या दोन भाकरी. बेसन लावलेलं मेथीचं आळण. कांदा, लिंबाची फोड, जवसाची चटणी.

"पप्पा, हात काढा ना ताटातून. फोटोत येऊन राह्यला."

"अन् जेवू कसा मग? तोंडानं?" विठ्ठलराव म्हणाले, पण हात काढला.

"लिंबू इकडं सरकवा."

"तुह्या ताईले लिंबू पाह्यजे का वरन पाह्यजे? काढ लवकर, थंडं होऊन राह्यलं."

शेजारी धाकटा भाऊ आयुष, आठवीतला. त्यानं आपल्या ताटाचा फोटो आधीच काढला होता, खाताखाता, एका भाकरीला चावा घेतलेला. आई, बेबीताई, गॅसपाशी उभ्या राहून भाकरी थापत होत्या. विठ्ठलरावांनी भाजी पुन्हा घेतली. आयुषनं घेतली. विठ्ठलरावांनी आणखी एकदा घेतली. मग हात धुतले, खाटेवरचा फोन उचलला आणि चौकात गेले. तिथल्या बाकड्यावर रोज सगळे जमत, सोयाबीनच्या भावावर बोलायला.

फोन गेल्यावर खुशी आणि बेबीताई जेवायला बसल्या. भाजीचं भांडं पुसून भाकरीला लावलं. वरण चमच्याभर राहिलं होतं, त्यात बेबीताईंनी पाणी घातलं, मीठ घातलं, एक उकळी आणली.

शाल्मलीताईकडून उत्तर आलं ते विठ्ठलरावांच्या खिशात. हिरवं.

*

ऑगस्टच्या शेवटच्या गुरुवारी ताईनं टीव्हीवर तक्ता दाखवला. एका बाजूला मुलगे, एका बाजूला मुली. मुलग्यांची बाजू पिवळी. मुलींची बाजू हिरवीगार, पावसानंतरच्या शेताच्या धुऱ्यासारखी.

"मला फार आनंद झालाय," शाल्मलीताई म्हणाली. "बहुतेक शाळांत उलटं दिसतं. तुमच्या शाळेतल्या मुली मुलांपेक्षा छान जेवतात."

"मॅडम, पोट्ट्या आमच्या वाटचं खाऊन राह्यल्या!" मागून कोणीतरी ओरडलं. वर्ग हसला. खुशीही हसली. हिरवं ऐकायला कोणाला आवडत नाही.

पिवळ्यांसाठी शनिवारी वेगळा तास ठरला. पाच-पाच पोरांशी ताई बोलणार, प्रत्येकाला काय कमी पडतं ते सांगणार. आयुष पिवळ्यात होता. तो घरी येऊन म्हणाला, "आई, ताईनं सांगतलं, मले भाजी कमी पडून राह्यली."

"अरे बाप्पा!" बेबीताईंना लागलं ते. त्याच संध्याकाळपासून आयुषच्या वाटीत भाजीचा एक डाव वाढला. भांडं होतं तेच होतं.

त्यानंतर पुसून घ्यायलाही भांड्यात फारसं राहत नसे.

*

सप्टेंबर. मैदान. खुशी तिसऱ्या फेरीत थांबली, गुडघ्यांवर हात ठेवून. डोळ्यांपुढे काजवे.

अतुल सर घड्याळ बंद करून आले. "मॅडमनं दाखवलं मले. ताट तुह्यं हिरवं. मग चक्कर काहून येते? रात्री मोबाइल पाहत जागत असशील."

"मोबाइल पप्पाजवळ असते, सर."

"मग चिप्स खात असशील लपून."

"नाही, सर."

"मग ताट खोटं बोलते का तुह्यं?"

सरांनी ते सहज म्हटलं आणि पुढच्या पोरीकडे वळले. खुशी मात्र तिथंच उभी राहिली. मग मैदानाच्या कडेला पाणी पीत बसलेल्या नयनकडे गेली. नयन तिच्याच बाकावरची, कबड्डीवाली.

"नयन, तू फोटो कोनाच्या ताटाचा काढतं?"

"कोनाच्या म्हणजे? घरच्या."

"घरच्या कोनाच्या?"

नयननं बाटलीचं झाकण लावलं. "बाबाच्या. फोन त्यायच्याजवळ असते ना. आपन जेवतो तवा थे फोन घेऊन गेलेले असतात." मग ती थांबली. "काहून?"

खुशीनं आणखी चौघींना विचारलं. बाबाच्या. काकाच्या. भावाच्या. दादाजीच्या.

कोणी खोटं बोललं नव्हतं. ताईनं मागितलं होतं घरच्या जेवणाचं ताट. घरचं ताट म्हणजे पहिलं ताट, भरलेलं, पाहुणा आला तरी दाखवता येईल असं. शेवटच्या ताटाचा कोणी फोटो काढतं का?

*

त्या संध्याकाळी.

"पप्पा, फोन ठेवून जा. आम्ही जेवल्यावर फोटो काढाचा आहे."

"काढला नाही का आता?"

"थो तुमच्या ताटाचा होता."

"एकच तं आहे. भाव येते आठ वाजता, ग्रुपवर," असं म्हणत विठ्ठलराव चपला घालून निघालेसुद्धा.

बेबीताईंनी वाढलं. एक भाकर, पाणी घातलेलं वरण, चटणी, मिरची. खुशीनं ताटाकडे पाहिलं. घास घेतला नाही. ताट उचललं, उजव्या हातावर तोललं आणि दाराबाहेर पडली.

"कुठं चालली वं? खुशे! ताट घेऊन कुठं चालली?"

गल्लीत उजेड होता. वरण हिंदकळू नये म्हणून ती हळू चालली, ती, जी सगळीकडे पळत जायची. शेजारच्या सुखीबाई ओट्यावरून म्हणाल्या, "कोनाले देऊन राह्यली जेवन?" खुशी म्हणाली, "कोनालेच नाही. माह्यं आहे."

चौकात बाकड्यावर पाच-सहा जण. मधे विठ्ठलराव, फोन डोळ्यांजवळ धरून.

"विठ्ठलराव, पोरगी डबा घेऊन आली तुमचा," सेवादासकाका म्हणाले. "घरी पोट भरलं नाही वाटते!"

सगळे हसले. विठ्ठलरावांनी वर पाहिलं. "काय झालं वं? ताट कायले आनलं इथं?"

"फोटो काढाचा आहे. फोन तुमच्याजवळ आहे."

"घरी..."

"घरी तुम्ही थांबत नाही."

तिनं ताट बाकड्यावर ठेवलं, त्यांच्या मांडीशेजारी. सगळ्यांनाच दिसत होतं, कारण वर दिवा होता. विठ्ठलराव ताटाकडे बघत राहिले, जणू दुसऱ्याच्या घरचं ताट आहे.

"हे तुह्यं ताट?"

"हाव."

"आज वांग्याची भाजी होती ना?"

"होती. तुम्ही तीनदा घेतली."

सेवादासकाका खाकरले. कोणीतरी आभाळाकडे पाहिलं.

"मंग सांगतलं काहून नाही?"

"आता सांगून राह्यली."

विठ्ठलरावांनी फोन दिला. खुशीनं फोटो काढला, नीट, ताट पूर्ण येईल असा, पाठवला, आणि ताट उचलून आली तशीच घरी गेली. जेवण गार झालं होतं. ती जेवली.

रंग आला. लाल.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. तिसऱ्या दिवशी नयन तिच्या गल्लीतून निघाली, ताटावर दुसरं ताट झाकून. चौथ्या दिवशी विठ्ठलराव फोन घरी ठेवून चौकात गेले.

*

सगळं इथंच सुटलं असं नाही.

"माह्यी इज्जत तू चौकात नेऊन मांडली," बेबीताई म्हणाल्या. त्या मोठ्यानं बोलल्या नाहीत. भांडी घासत होत्या, पाठमोऱ्या. "लोक म्हनतीन, बेबी पोरीले खाऊ घालत नाही. अठरा वर्षं झाले या घरात चूल सांभाळून राह्यली मी."

"तुह्यं नाव नाही घेतलं मी, आई."

"ताट कोन वाढते? बाप वाढते का?"

आईला खाली पाहायला लावायचं नव्हतं खुशीला. पण फोटो थांबवायचाही नव्हता. दोन्ही एकदम कसं करायचं हे तिला कोणी टीव्हीवर शिकवलं नव्हतं.

दोन दिवसांनी तिच्या ताटात भाजी आली. चांगली वाटीभर. बेबीताईंनी आधीच काढून ताटलीखाली झाकून ठेवली होती. फोटो गेला, पिवळा आला. खुशी खुश झाली. मग तिनं समोर पाहिलं. आईच्या ताटात भाकर आणि चटणी. वरणसुद्धा नाही.

"तुह्यी भाजी कुठं आहे?"

"मले भूक नाही. जेव तू."

खुशीनं वाटी अर्धी करून दिली. बेबीताईंनी ती परत सरकवली. खुशीनं पुन्हा सरकवली. असं तीन वेळा. शेवटी ती वाटी मधेच राहिली आणि दोघींनी तिच्यात भाकर बुडवली.

*

शनिवार. मंजुषा मॅडमचा लॅपटॉप. त्या आठवड्यातल्या लाल ताटांमुळे खुशीलाही बोलावलं होतं.

"खुशी," शाल्मलीताई म्हणाली, "मागच्या महिन्यापर्यंत तुझं ताट इतकं छान होतं. अचानक काय झालं? घरी काही अडचण आहे का?"

"थे ताट माह्यं नव्हतं, ताई. पप्पाचं होतं."

पडद्यावर ताई थांबली.

"नेट गेलं का?" मंजुषा मॅडम पुढे वाकल्या.

"नाही. ऐकू येतंय," ताई म्हणाली. "खुशी, अजून कोणाकोणाचं असं आहे?"

"पोरींचं सगळ्यायचंच. आम्ही मांगून जेवतो. तवा फोन नसते."

"मी तक्ता बनवला तो..."

"थो आमच्या बापायचा आहे."

मंजुषा मॅडमना हसू आलं, मग आलं तसं गेलं. खुशीनं त्यांच्याकडे वळून विचारलं, सरळ, उत्तर हवं होतं म्हणून. "मॅडम, तुम्ही कधी जेवता?"

"मी? सगळ्यांचं झालं की..." मॅडम म्हणाल्या आणि लॅपटॉपचा उजेड कमी-जास्त करत बसल्या.

ताईनं विचारलं, "मग मी काय सांगू तुला? एक वाटी भाजी वाढव, असं माझ्या यादीत लिहिलंय. ते सांगून उपयोग आहे का?"

"नाही. थे तुम्ही आयुषले सांगतलं, तं माह्यी गेली. मले सांगतलं, तं आईची गेली."

पुढच्या गुरुवारी शाल्मलीताईनं तक्ता काढला नाही. आधीचा चुकला होता, असं स्पष्ट सांगितलं. म्हणाली, या आठवड्यात फोटो नको. प्रत्येकानं दोनच गोष्टी पाठवा. तुम्ही कितव्या पंगतीत जेवता, आणि भाजी करताना भांड्यात घरातली किती माणसं मोजली होती.

आयुषनं आईला विचारून लिहिलं: पहिल्या. तीन.

त्यानं ते खुशीला दाखवलं. "पप्पा, मी अन् कोन? तिसरं कोन मोजलं आईनं?"

"पप्पाच. त्यायले दोन धरते ना आई."

"अबे," आयुष म्हणाला.

*

पुढचं, आधी.

ऑक्टोबरात खुशीचं रक्त आठ पूर्णांक नऊ भरलं. अतुल सर शब्दाला पक्के, त्यांनी तिला तालुक्याला नेलं नाही. ती वाद घालायला गेली आणि हरली. स्पर्धेच्या दिवशी ती जिनिंगच्या रस्त्यावर एकटी पळत होती, मोजून तेवढंच अंतर. फेब्रुवारीत दहा पूर्णांक दोन. सरांनी कागद पाहिला, घड्याळ गळ्यात अडकवलं आणि म्हणाले, "उद्यापासून सकाळी मैदानावर ये. रस्त्यावर गाड्या असतात." नयनच्या घरी पंगत एकच झाली नाही, पण नयनचा नंबर पहिल्या पंगतीत लागला. बाकीच्या पोरींचं कुठं झालं, कुठं नाही झालं. गुरुवार चालू आहे.

*

आणि ही ती संध्याकाळ, ऑक्टोबरच्या आधीची.

खुशी स्टुलावर चढली. माळ्यावर पितळी डब्यांच्या मागे मोठा गंज होता, खोल पातेल्यासारखा; लग्नकार्यात निघणारा नव्हे, त्याहून एक माप लहान. बेबीताईंच्या सासूच्या वेळी घरात नऊ माणसं असताना रोज तोच चुलीवर चढायचा. नंतर माणसं कमी झाली, गंज लहान झाला. मग पोरं मोठी झाली, गंज तेवढाच राहिला.

"उतर खाली. पडशीन."

"हा घे. आजपासून यात."

"एवढं कोन खाईन?"

"आपन पाच... नाही, चार. मीच चुकली." खुशी हसली. "पप्पाले दोन धरलं तं पाच."

बेबीताईंना हसू आवरलं नाही. तोंडाला पदर लावून हसल्या, मग गंज घासायला घेतला. भाजी जास्त चिरली. डाळ जास्त शिजली. यात अवघड काहीच नव्हतं. रोज कोणी केलं नव्हतं इतकंच.

अवघड पुढे होतं. विठ्ठलराव हात धुऊन आले तर खाली चार ताटं मांडलेली. चार वाट्या आधीच भरलेल्या, सारख्या.

"हे काय?"

"जेवन," खुशी म्हणाली आणि त्यांच्या समोरच्या ताटावर जाऊन बसली. आयुषच्या शेजारी नाही, समोर.

"माह्यी वाटी कमी आहे," आयुष म्हणाला.

"सगळ्यायची तेवढीच आहे. संपली तं माग. गंजात आहे."

विठ्ठलराव बसले. त्यांनी आपल्या वाटीकडे पाहिलं, मग चौथ्या ताटाकडे. "हे कोनाचं?"

"आईचं."

"मी मांगून जेवतो," बेबीताई गॅसपाशी उभ्यानंच म्हणाल्या. "भाकरी गरम लागतात त्यायले."

"भाकरी झाल्या सगळ्या. मी मोजल्या. फडक्यात आहेत."

"अवं, वाढन कोन?"

"ज्याले पाह्यजे थो घेईन. हात आहेत."

कोणी घास घेतला नाही. खुशीनं घेतला नाही म्हणून आयुषनं घेतला नाही. विठ्ठलरावांनी भाकरीचा तुकडा मोडला होता, तो हातातच राहिला. वरणाची वाफ कमी होत चालली. बेबीताईंनी एकदा ओटा पुसला. पुन्हा पुसला. मग फडकं दोरीवर टाकलं.

"बस ना," विठ्ठलराव म्हणाले. ते तुकड्याकडे पाहत होते. "थंडं होऊन राह्यलं."

त्या बसल्या. पूर्ण मांडी घालून नाही. एक गुडघा वर, कधीही उठता येईल असा, अंग गॅसकडे वळवलेलं. खुशीनं खाटेवरचा फोन आणला, उभी राहिली आणि चारही ताटं येतील असा फोटो काढला. आईचा गुडघा फोटोत आला.

"आता काय ह्याचाही रंग येईन?" बेबीताईंनी विचारलं.

"येईन. जेव तू."

विठ्ठलरावांनी वाटी संपवली आणि गंजाकडे पाहिलं. डाव बेबीताईंच्या हाताशी होता. त्यांचा हात उठला. खुशीनं आईकडे पाहिलं. हात ताटात परत आला. विठ्ठलराव थोडे पुढे सरकले, डाव उचलला, आधी बेबीताईंच्या वाटीत भाजी घातली, ती जराशी सांडली, मग आपल्या.

जुलैत शाळेतल्या शिबिरात आलेल्या आयांबरोबर बेबीताईंचंही रक्त तपासलं होतं. सात पूर्णांक तीन.